माहितीरावांचा धबधबा

प्रांतात बघण्यासारखं काय काय आहे हे सगळ्या जगाला सांगणाऱ्या माहितीरावांनी स्वतः त्यातलं काहीही बघितलेलं नव्हतं. ही गोष्ट फक्त दोन माणसांना माहीत होती, स्वतः माहितीराव आणि त्यांची बायको. पैकी माहितीराव ती सोयीस्करपणे विसरले होते. बायको विसरली नव्हती, पण ती बोलत नव्हती. आणि बायको एखाद्या गोष्टीबद्दल बावीस वर्षं बोलत नसेल तर ती गोष्ट किती गंभीर असते, हे विवाहित वाचकांना वेगळं सांगायला नको.

माहितीराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते प्रांत-परिचय कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते म्हणून इमारतीतल्या लोकांनी त्यांना ते चिकटवलं होतं. कार्यालय म्हणजे दोन खोल्या, चार कपाटं, एका बाजूला कलंडलेला पंखा आणि दारावर पाटी, ‘चौकशी आत करावी’. चुकून कोणी आत येऊन चौकशी केलीच, तर माहितीराव त्याच्या हातात एक पुस्तिका ठेवत. ‘आपला प्रांत : सात आकर्षणे’. ही पुस्तिका दर वर्षी नव्याने निघे आणि ती सिद्ध करण्याची जबाबदारी माहितीरावांवर होती. ते गेल्या वर्षीची प्रत घेत, मुखपृष्ठावरचं साल बदलत आणि छापखान्यात पाठवत. पण नुसतं साल बदलून पगार घ्यायला त्यांच्या मनाला कसंतरी वाटे. म्हणून दर वर्षी ते प्रत्येक आकर्षणाला एक विशेषण वाढवून देत. पहिल्या वर्षी नुसता ‘धबधबा’ होता. दुसऱ्या वर्षी तो सुंदर झाला. मग शुभ्र, मग फेसाळता, मग रौद्र, आणि रौद्र म्हटल्यावर लोक घाबरतील म्हणून पुढच्या वर्षी प्रेमळ. असं करता करता धबधब्याच्या मागे एकवीस विशेषणं उभी राहिली आणि वाचणारा प्रत्यक्ष पाण्यापर्यंत पोचेपर्यंत दमून जाऊ लागला.

त्यांचं दुसरं काम म्हणजे आलेली पत्रं फायलीत लावणं. इतर कार्यालयांची जी जी पत्रं ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून येत, त्यांवर लाल शाईने ‘नोंद घेतली’ असा शेरा मारून, तारीख घालून माहितीराव ती योग्य त्या फायलीत लावत. अक्षर न अक्षर वाचल्याशिवाय त्यांनी कधी शेरा मारला नाही. लोकांना नातेवाइकांचे वाढदिवस लक्षात राहतात, तसे त्यांना पत्रांचे जावक क्रमांक लक्षात राहत. वाचून झाल्यावर त्याचं काही करायचंही असतं, हे मात्र त्यांना नोकरीत कोणी सांगितलेलं नव्हतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका बुधवारी साडूंचा फोन आला.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मोठ्या शहरात, लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. जन्मभर माणसांना वर नेण्याचं काम केल्यामुळे त्यांना जगातली कुठलीही गोष्ट दाखवली की ते आधी ‘किती उंच?’ असं विचारत, आणि आकडा कळला की ‘आमच्याकडे’ या शब्दाने पुढचं वाक्य सुरू करत.

“शनिवार-रविवार तुमच्याकडे येतोय,” साडू म्हणाले. “बघण्यासारखं काही असलं तर बघू. नाहीतर पत्ते आणतोच आहे बरोबर.”

माहितीरावांनी फोन ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. बावीस वर्षं एकवीस विशेषणं लावून उभा केलेला प्रांत या माणसाने बावन्न पत्त्यांच्या बदल्यात निकालात काढला होता.

“नाहीतर पत्ते म्हणे,” ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाले. “सातही आकर्षणं दाखवतो त्यांना. पत्ते पिशवीतून बाहेर निघणार नाहीत.”

बायको भांडी पुसत होती. तिने हातातलं पातेलं पुसून झाल्यावर पुन्हा एकदा पुसलं.

“बाकीची दाखवा नाहीतर नका दाखवू,” ती म्हणाली. “धबधबा दाखवा.”

“तो तर दाखवणारच.”

“तसं नाही हो. ताई दर फोनला विचारते, तुमच्या तिथे आहे तरी काय? तिच्याकडे सगळंच आहे. मग मी धबधब्याचं सांगते. आता सांगायला लागले ती सांगतच राहिले.”

“काय सांगितलंस?”

“तुमच्या पुस्तिकेत असतं तेच. आणि थोडं माझं. आपण दर वर्षी जातो, असं सांगितलंय. कठड्यापाशी उभं राहिलं की तुषार इतके उडतात की छत्री घेतल्याशिवाय उभं राहता येत नाही, असंही सांगितलंय.”

“छत्री पुस्तिकेत नाही.”

“म्हणूनच म्हटलं, थोडं माझं.” बायकोने पातेलं फळीवर ठेवलं. “लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तुम्ही म्हणाला होतात, पुढच्या रविवारी जाऊ. मी छत्री काढूनही ठेवली होती. तो रविवार आला नाही. पण ताईला काय सांगणार? मी तो आला असं धरून चालले.”

माहितीरावांना एकदम शरमल्यासारखं झालं. सरकारी कामात चूक झाली तर खुलासा देता येतो. इथे खुलाशाची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी ही बातमी इमारतीत फुटली आणि संध्याकाळी त्यांच्या बाहेरच्या खोलीत सल्लागार मंडळ भरलं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर नकाशा घेऊन आले. तो नकाशा त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीचा असल्यामुळे त्यात निम्मे रस्ते नव्हते, पण पोस्टमास्तरांचं म्हणणं होतं की जे रस्ते नकाशात नाहीत ते टिकाऊ नसतात. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, उत्तरेकडून जा, दक्षिणेकडच्या रस्त्याला इतके खड्डे आहेत की परवा एकाची कवळी घशात गेली. समोरच्या शिक्षिकाबाईंनी सहलीसाठी म्हणून एक शिट्टी आणि हजेरीपत्रक आणलं, आणि पाहुणे दोनच आहेत असं सांगूनही त्या ते परत न्यायला तयार होईनात. उत्तर की दक्षिण यावर तासभर वाद झाला. पोस्टमास्तर आणि डॉक्टर एकमेकांना ‘तुम्ही कधी गेलाय का तिथे?’ असं विचारू लागले, तेव्हा असं उघडकीला आलं की खोलीतल्या एकानेही धबधबा बघितलेला नाही. सगळ्यांची माहिती एकाच पुस्तिकेतून आलेली होती. मग सगळे माहितीरावांकडे बघू लागले.

“रस्ता उत्तरेकडून बरा,” माहितीराव म्हणाले आणि त्यांनी सर्वांना चहा दिला.

शनिवारी सकाळी साडू आणि ताई आले. ताईंनी घर बघितलं आणि ‘आटोपशीर आहे’ म्हणाल्या. बायको हसली. माहितीरावांनी ठरवलेली गाडी खाली उभीच होती. तिचा एक दरवाजा आतून उघडत नव्हता आणि दुसरा बाहेरून, त्यामुळे बसताना थोडं नियोजन करावं लागलं.

पहिलं आकर्षण म्हणजे वस्तुसंग्रहालय. पुस्तिकेप्रमाणे ते ‘समृद्ध, दुर्मिळ, ज्ञानवर्धक’ वगैरे होतं. आज त्याला कुलूप होतं.

“सोमवारी बंद असतं ना?” माहितीरावांनी पहारेकऱ्याला विचारलं. “पुस्तिकेत तसं आहे.”

“सोमवारी कुठं? शनिवारी. अकरा वर्षं झाली. तुमच्या ऑफिसला पत्र पाठवलंय.”

माहितीरावांना ते पत्र लख्ख आठवलं. जावक क्रमांक दोनशे बारा. त्यावर त्यांनीच लाल शाईने नोंद घेतली होती.

दुसरं आकर्षण मनोरा. साडूंनी गाडीतून उतरायच्या आत विचारलं, “किती उंच?”

“तीस मीटर.”

“आमच्याकडे गाड्या ठेवायची इमारत असते एवढी. आणि तिला लिफ्ट असते.”

मनोऱ्याला एकशे चाळीस पायऱ्या होत्या. ‘मनोऱ्यावरून तीन प्रांतांचं विहंगम, विलोभनीय’ इत्यादी दर्शन होतं म्हणून चौघेही धापा टाकत वर गेले, तर तिन्ही प्रांतांच्या आड एका भल्यामोठ्या जाहिरातीच्या फलकाची मागची बाजू आलेली होती. लोखंडी कैच्या, गंजलेले खिळे आणि कबुतरं. साडूंनी त्या कैच्यांचं मात्र बारकाईने निरीक्षण केलं आणि काम कच्चं आहे असं सांगितलं. तिसऱ्या ठिकाणी, तळ्यावर, पुस्तिकेने परदेशी पक्ष्यांचं आश्वासन दिलं होतं. तिथे दोन बदकं होती, आणि ती माझी आहेत असं सांगणारा एक माणूस होता. ताईंनी त्या बदकांचा फोटो काढायला घेतला तर त्याने बदकं उचलली आणि घरी घेऊन गेला.

संध्याकाळी साडूंनी पिशवीतून पत्ते काढले. नुसते पिसले, आणि ती फरफर माहितीरावांच्या काळजात गेली. चार डाव झाले, चारही माहितीराव हरले. ताई म्हणाल्या, “असू दे ग. उद्या तुझा धबधबा आहे ना?” बायको म्हणाली, “आहे ना.” आणि उठून आतल्या खोलीत गेली. माहितीराव पाणी प्यायला म्हणून उठले तेव्हा ती कपाटाच्या तळाशी हात घालून एक जुनी काळी छत्री बाहेर काढत होती. तिची एक काडी वाकली होती. बायकोने ती दाबून सरळ केली आणि छत्री हळूच उघडून पुन्हा मिटली. माहितीराव पाणी न पिताच परत फिरले.

रविवारी आभाळ निरभ्र होतं. तशात बायकोच्या हातात छत्री बघून पोस्टमास्तरांनी वरून कारण विचारलं. “धबधब्याला लागते,” बायको म्हणाली, आणि ते तिने इतकं सहज म्हटलं की माहितीरावांना अभिमान आणि भीती एकाच वेळी वाटली. गाडी उत्तरेकडून निघाली. एका वळणावर पाटी आली, ‘धबधबा ६ कि.मी.’. तिचा मजकूर माहितीरावांनीच मंजूर केलेला होता, त्यामुळे त्यांचा जीव जरा भांड्यात पडला. पण गाडीवाल्याने गाडीचा वेग कमी केला.

“साहेब, तिथं नक्की बघायचंय काय?”

“धबधबा,” माहितीराव म्हणाले.

“बरं,” गाडीवाला म्हणाला, आणि पुढचे सहा किलोमीटर त्याने आरशातून माहितीरावांकडे अशा नजरेने बघितलं, जशी आपण आजारी माणसाकडे टाकतो.

जागा मात्र अगदी पुस्तिकेत होती तशी होती. दगडी चौथरा, चौथऱ्याला कठडा, एक बाक, समोर काळ्या कातळाची सरळ उभी भिंत. भिंतीवर शेवाळ्याचा एक वाळका पट्टा वरपासून खालपर्यंत उतरलेला होता. पाणी नव्हतं. कठड्यावर कोणाचे तरी बनियन वाळत घातले होते.

वर कातळाच्या कडेला एक छोटी खोली दिसत होती आणि तिच्या दारात खुर्ची टाकून बसलेला एक चौकीदार खाली वाकून बघत होता.

“पाणी कुठे गेलं?” माहितीरावांनी ओरडून विचारलं.

“बंधाऱ्यात अडवलंय,” वरून उत्तर आलं. “चौदा वर्षं झाली. पाइपातनं शहराला जातंय. धबधबा बघायचा असंल तर घरी जाऊन नळ सोडा.”

साडू बाकावर बसले. “म्हणजे काल आम्ही धबधब्यानेच अंघोळ केली म्हणायची,” ते म्हणाले आणि त्यांनी खिशातून पत्ते काढले. “आमच्याकडे निदान नळाला नळ म्हणतात.”

ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बहिणीकडे बघितलं. “तू तर दर वर्षी येतेस म्हणत होतीस ना ग इथे? गेल्या वर्षीसुद्धा म्हणालीस, भिजलो म्हणून.”

बायको कठड्यापाशी उभी होती. तिने छत्री या हातातून त्या हातात घेतली, आणि मग ती कुठे ठेवावी हे न कळल्यासारखी पदराआड धरली. माहितीरावांनी बावीस वर्षांत तिला इतकं ओशाळलेलं कधी पाहिलं नव्हतं. पुस्तिका खोटी ठरली त्याचं त्यांना काही वाटलं नसतं. तीत दुरुस्ती करता येते. पण बायको खोटी ठरली होती, आणि तिच्याकडून ते खोटं त्यांनी वदवलं होतं. त्यांना वर बघवेना. ते बघायचं म्हणून कातळाकडे बघत राहिले आणि त्यांची नजर वरच्या त्या खोलीवरच्या पत्र्याच्या पाटीवर गेली. ‘प्रवाहबिंदू क्रमांक तीन’.

माहितीरावांच्या डोक्यात लाल शाईचा दिवा लागला.

प्रवाहबिंदू क्रमांक तीन. विषय : सांडव्याच्या दरवाजाची त्रैमासिक चाचणी. दर तीन महिन्यांनी त्यांच्या टेबलावर हे पत्र येत असे. त्यात धबधबा हा शब्द कुठेही नव्हता, त्यामुळे प्रवाहबिंदू म्हणजे एखादी तोटी असावी अशी त्यांची समजूत होती. पण मजकूर त्यांना तोंडपाठ होता. मूळ आदेशाचं कलम सात : ‘प्रांत-परिचय कार्यालयाच्या प्रतिनिधीने लेखी विनंती केल्यास, चालू तिमाहीतील चाचणी झालेली नसेल तर, ती वीस मिनिटे घेण्यात यावी.’ चौदा वर्षं हे कलम त्यांच्या फायलीत पडून होतं आणि ते त्याची नुसती नोंद घेत होते.

“तुम्ही बसा,” ते सगळ्यांना म्हणाले. “धबधबा येईल.”

“कुठून?” साडूंनी विचारलं.

“वरून,” माहितीराव म्हणाले आणि गाडीवाल्याला घेऊन पायऱ्या चढू लागले.

वर पोचेपर्यंत त्यांचा श्वास लागला होता. पण कागद म्हटल्यावर त्यांच्यात बळ आलं. शिक्षिकाबाईंचं हजेरीपत्रक खिशात होतंच. त्याच्या पाठीमागे त्यांनी ‘प्रति’, ‘विषय’, ‘संदर्भ’ अशी शिस्तीत मांडणी करून विनंती लिहिली, सही केली आणि चौकीदारापुढे धरली.

चौकीदाराने ती दोन वेळा वाचली. “चाचणी? मी नऊ वर्षं इथं आहे. हे चाक फिरलेलं मी बघितलं नाही. साहेबांना विचारावं लागंल.”

त्याने फोन लावून माहितीरावांच्या हातात दिला. पलीकडे बंधाऱ्याचे अभियंता होते. मागून जेवणाच्या भांड्यांचा आवाज येत होता.

“आज रविवार आहे,” अभियंता म्हणाले. “रविवारी दरवाजा उघडत नाहीत.”

“कलम सातमध्ये वार लिहिलेला नाही साहेब.”

“तुम्ही कोण बोलताय?”

असा प्रश्न माहितीरावांना नोकरीत कोणी विचारला नव्हता. “तुमच्या प्रत्येक पत्राच्या तळाशी ‘प्रत माहितीसाठी’ असं असतं ना,” ते म्हणाले, “ती प्रत माझ्याकडे येते.”

पलीकडची भांडी थांबली.

“तुम्ही ती वाचता?”

“वाचतो. चाचणी यशस्वी झाल्याचे पंचेचाळीस अहवाल माझ्याकडे आहेत. त्यातले गेल्या नऊ वर्षांतले जे आहेत त्यांबद्दल तुमचे चौकीदार आत्ताच वेगळं काही सांगत होते. आणि नंतरच्या अकरा तिमाह्यांचे तर आलेलेच नाहीत. मी विचार करत होतो, उद्या एक स्मरणपत्र पाठवावं. वरच्या कार्यालयाला प्रत देऊन.”

स्मरणपत्र हा शब्द सरकारी माणसाला कुठे लागतो हे दुसऱ्या सरकारी माणसालाच कळतं.

“वीस मिनिटं,” अभियंता शेवटी म्हणाले. “भोंगा तीनदा वाजवा. आणि ते स्मरणपत्र राहू द्या.”

पण आदेश मिळाला म्हणून काम झालं असं सरकारात होत नाही. भोंगा वाजवण्यापूर्वी चौकीदाराला कठड्यावरचे आपले बनियन काढून आणायचे होते. ते आणायला तो खाली गेला, मोजून घेतले, एक कमी भरला, तो शोधला, तो गाडीवाल्याच्या गाडीखाली सापडला. मग तो वर आला. मग भोंगा वाजला. मग चाक फिरेना. चौकीदार, गाडीवाला आणि माहितीराव तिघांनी त्याला लोंबकळून हिसके दिले, तेव्हा कुठे ते दात खात, किंचाळत फिरलं, आणि खालून कसलीतरी खोल गुरगुर ऐकू आली.

“कड्यापर्यंत जायला पाण्याला चार मिनिटं लागतील,” चौकीदार म्हणाला. “पाट पाल्यानं भरलाय.”

चार मिनिटं. माहितीराव पायऱ्यांवरून खाली धावत सुटले. लग्नानंतर ते पहिल्यांदाच धावत होते. एक चप्पल बाराव्या पायरीवर राहिली, ती त्यांनी तिथेच राहू दिली. शेजारच्या पाटातून सळसळ येत होती, पालापाचोळा पुढे सरकत होता, आणि त्याच्या मागोमाग पाणी चाललं होतं. ते पाण्याच्या जरा पुढे होते. त्यांना पाण्याआधी पोचायचं होतं, कारण हा रविवार बावीस वर्षांनी आला होता आणि तो बायकोने एकटीने बघावा असं त्यांना वाटत नव्हतं.

खाली साडूंनी ताईंना बसवून बाकावर डाव मांडला होता. “भोंगा कसला तो?” ताई विचारत होत्या. “आमच्याकडे रोज वाजतात,” साडू म्हणाले आणि त्यांनी राजा टाकला. बायको कठड्यापाशी तशीच उभी होती. माहितीराव एका चपलेनिशी तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी नुसतं वर बोट दाखवलं.

आधी पाला आला. मग एक फुटका चेंडू आला. मग तपकिरी गढूळ पाण्याची एक जाड धार आली, आणि साडू म्हणाले, “हे होय?” पण त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत वरचा सगळा कडा एकदम पांढरा झाला. इतका मोठा आवाज झाला की ताईंच्या हातातले पत्ते खाली पडले. पाणी कातळावरून सुटून मोकळंच खाली आलं, खडकावर आपटलं, आणि तिथून उठलेला तुषारांचा लोट कठडा ओलांडून चौथऱ्यावर आला. साडू नखशिखान्त भिजले. बाकावरचा राजा, राणी आणि सगळा डाव एकमेकांना चिकटून लगदा झाला.

आणि त्या तुषारांच्या ऐन मधोमध बायकोने छत्री उघडली.

तिने ती घाई न करता उघडली. वाकलेली काडी बोटाने सरळ केली, आणि बहिणीच्या डोक्यावर धरली. “सांगितलं होतं ना ताई तुला,” ती म्हणाली. “छत्री लागते.”

ताई छत्रीखाली शिरल्या आणि बहिणीला बिलगून उभ्या राहिल्या. “अग बाई,” एवढंच त्या म्हणाल्या. बायकोने मान वळवून माहितीरावांकडे बघितलं. तिचा चेहरा भिजला होता आणि त्यातलं धबधब्याचं किती आणि तिचं किती ते सांगता येत नव्हतं. माहितीराव त्या क्षणी इतके सुखी होते की दुसऱ्या चपलेचीही त्यांना आठवण नव्हती.

साडूंनी चश्मा काढला, पुसला, तो पुन्हा भिजला. “किती उंच?” त्यांनी ओरडून विचारलं.

“त्रेसष्ट मीटर.”

“आमच्याकडे,” साडू म्हणाले आणि थांबले. त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. पुन्हा वर बघितलं. “आमच्याकडे नाही असलं काही,” ते म्हणाले.

वीस मिनिटं झाली तरी धबधबा थांबला नाही, कारण चाक उघडलं तसं बंद होईना. चौकीदार वरून हातवारे करू लागला. दोन तासांत आसपासच्या वाड्यांवर बातमी गेली आणि माणसं, बायका, सायकली, एक ट्रॅक्टर अशी जत्रा लोटली. त्या गर्दीला शिस्त लावायला शिक्षिकाबाईंची शिट्टी कामाला आली आणि ती बायकोने वाजवली. शेवटी साडूच ओल्या शर्टाच्या बाह्या सरसावून वर गेले. जन्म चाकं आणि कप्प्या यांत गेलेला माणूस तो. त्यांनी चाकाला कान लावला, कुठे अडतंय ते सांगितलं, गाडीवाल्याकडून ग्रीस मागितलं आणि साडेतीन तासांनी दरवाजा बंद करून दाखवला. खाली आले तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि ते माहितीरावांपेक्षाही खूश दिसत होते.

घरी पोचले तर सगळी इमारत बादल्या घेऊन जिन्यात उभी होती. दुपारपासून शहरात कुठेच नळाला थेंब नव्हता. दातांच्या डॉक्टरांनी एका रुग्णाला चूळ न भरवताच घरी पाठवलं होतं.

“तुमच्या कार्यालयाला काही कल्पना आहे का, पाणी कुठे गेलं?” पोस्टमास्तरांनी कडक आवाजात विचारलं.

“आहे ना,” बायको म्हणाली. “आत्ताच बघून आलो. फार सुंदर पडत होतं.” आणि ओली छत्री झटकत ती सगळ्यांच्या मधून वर गेली.

पुढच्या आठवड्यात पाणीपुरवठा कार्यालयाचं पत्र आलं, शहराची गैरसोय केल्याबद्दल तीव्र नाराजी व्यक्त करणारं. माहितीरावांनी ते अक्षर न अक्षर वाचलं, त्यावर लाल शाईने ‘नोंद घेतली’ असं लिहिलं आणि फायलीत लावलं. मग त्यांनी पुस्तिकेची प्रत पुढ्यात ओढली. वस्तुसंग्रहालयाचा सोमवार खोडून शनिवार केला. तळ्यावरचे परदेशी पक्षी काढून टाकले. धबधब्यापाशी आल्यावर त्यांनी एकवीसच्या एकवीस विशेषणांवर एक सरळ रेघ मारली. पुढच्या तिमाहीच्या चाचणीची तारीख घातली. तो रविवार होता, आणि इमारतीतल्या अकरा माणसांनी त्यासाठी आधीच नावं दिली होती. नवं हजेरीपत्रक शिक्षिकाबाईंकडे होतं. साडूंनी तर आदल्या दिवशी फोन करून, चाकाला पुन्हा ग्रीस लागेल, आम्ही येतो, असं कळवलं होतं. पत्ते आणण्याबद्दल ते काही बोलले नव्हते.

तारखेच्या खाली थोडी जागा उरली होती. माहितीरावांनी बराच विचार केला आणि मग बावीस वर्षांत प्रथमच त्या पुस्तिकेत स्वतः बघितलेलं एक वाक्य लिहिलं : ‘जाताना छत्री न्यावी.’